मुदगडचा मल्ल, पुण्याचा वस्ताद

हरिश्चंद्र बिराजदार हे नाव काढलं की जुन्या कुस्तीशौकिनांना पहिल्यांदा बेळगाव आठवतं. १९७७ साली तिथल्या मैदानात निलंगा तालुक्यातल्या या मल्लाने दिल्लीच्या सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे गुरू हनुमान यांचा पठ्ठा, उत्तरेच्या आखाड्यांचा अभिमान. साहजिकच ती कुस्ती दोन माणसांची न राहता दोन मुलखांची झाली आणि आजही जत्रेच्या फडाभोवती बसलेली म्हातारी माणसं ती तपशिलानं सांगतात. पण त्या दिवशी समोरासमोर उभे राहिलेले दोघंही पुढे वस्ताद झाले, आणि भारतीय कुस्तीच्या पुढच्या तीसचाळीस वर्षांवर दोघांचीही छाप पडली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. कुस्तीशौकीन गदा मोजतात, कारण गदा दिसते. वस्तादाचं काम दिसायला वेळ लागतो, आणि दिसतं तेव्हा ते दुसऱ्याच्या अंगावर दिसतं. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे की बिराजदारांची मोठी कामगिरी त्यांच्या लंगोट उतरवल्यानंतरच्या काळातली आहे, आणि ती मोजायची तर त्यांच्या शिष्यांपाशी थांबून चालत नाही. शिष्यांच्या शिष्यांपर्यंत जावं लागतं.

आधी मल्लाची कारकीर्द पाहू. बिराजदारांचा जन्म १९५० चा, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा. मराठवाडा निजामाच्या अमलातून मोकळा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. मुदगडचा हा मुलगा कोल्हापूरला गेला, गंगावेस तालमीत घडला, आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला. त्या वर्षीचं अधिवेशन नेमकं लातूरला होतं, म्हणजे गदा घरच्या माणसांसमोर खांद्यावर आली. वय होतं एकोणीस. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मधल्या वजनगटात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. (परदेशी नोंदींमध्ये ‘बिराजदार’चं ‘राजिंद्र’ झालेलं दिसतं. निकालाची यादी लिहिणाऱ्याला मराठवाड्यातली आडनावं कुठून माहीत असणार!) १९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले, १९७७ मध्ये बेळगाव झालं. एवढ्यावर कुणीही आयुष्यभर सत्काराचे फेटे बांधून घेत हिंडला असता, तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती.

या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका तपशील मात्र पदकांमधला नाही, प्रवासातला आहे. मुदगडच्या मुलाला पैलवान व्हायला शेकडो किलोमीटर लांब कोल्हापूरला का जावं लागलं? मराठवाड्यात कुस्ती नव्हती म्हणून नव्हे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा घ्या. घोड्यांचा बाजार, लावणीचे फड आणि त्यांच्या जोडीला कुस्त्यांची दंगल, हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. लातूर, धाराशिव, बीडकडच्या गावोगावच्या जत्रांतही हलगी कडाडते, रेवड्यांपासून सुरू झालेल्या कुस्त्या नारळाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत जातात. पण जत्रा वर्षातून एकदा येते. ती पोराला हौस देते, चार पैसे इनाम देते, गावात नाव देते. पैलवान देत नाही. पैलवान घडायला रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी आपल्यापेक्षा वजनानं आणि डावानं भारी असलेला कुणीतरी अंगावर यावा लागतो. ती सोय तालमीत असते, आणि मोठी तालीम चालवायला आश्रय लागतो. कोल्हापूरला शाहू महाराजांनी तो आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, पेठापेठांतल्या तालमी जगवल्या. मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा आला नाही. त्यामुळे इथल्या कुस्तीत गुणी पोरं होती, प्रेक्षक होते, फक्त मधली पायरी नव्हती. गावच्या हौद्यातून थेट देशाच्या मैदानात कुणी उडी मारत नसतं.

बिराजदारांनी ही मधली पायरी घातली, आणि ती घातली पुण्यात. खेळणं थांबल्यावर ते गोकुळ वस्ताद तालमीत मुलांना शिकवू लागले आणि सगळ्यांचे ‘मामा’ झाले. आता लातूर-बीडच्या गावातल्या बापाला पोराला कुठं पाठवायचं याचं उत्तर मिळालं. पोराला अनोळखी शहरात नेऊन सोडणं ही साधी गोष्ट नाही. खुराकाचा खर्च असतो, शाळा सुटते, पाय मोडला तर पुढं काय ही धास्ती असते. तिथं आपल्या भागाची बोली बोलणारा, आपल्यासारख्याच घरातून आलेला आणि तरीही रुस्तुम-ए-हिंद झालेला माणूस बसला आहे, एवढ्यानं ती धास्ती निम्मी होते. या भरवशाची नोंद कुठल्या निकालपत्रकात होत नाही. पण या भागातून पुढं आलेल्या मल्लांची नावं घेऊन मागे मागे गेलं की वाट पुन्हा पुन्हा गोकुळ वस्ताद तालमीच्या दारात येते.

इथं एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असं कुठं आहे? आपल्याच जवळचं उदाहरण रमाकांत आचरेकर सरांचं. प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना त्यांच्या नावावर, आणि शिष्यांत सचिन तेंडुलकर. उलट बाजूला कपिल देव. विश्वचषक जिंकलेला कर्णधार, पण भारतीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्यांचा काळ थोडका आणि निराशेचा ठरला. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये हा वाद जुनाच आहे. तिथं मॅल मेनिंगासारखा राष्ट्रीय कर्णधार पुढं क्वीन्सलँडच्या संघाला ओळीनं आठ मालिका जिंकून देतो, आणि खेळाडू म्हणून त्याच्या जवळपासही न पोचलेला क्रेग बेलामी २००३ पासून मेलबर्नचा संघ हाती घेऊन आपल्या खेळातला सर्वांत दरारा असलेला प्रशिक्षक होतो. खुद्द सतपालचे गुरू हनुमान हेही मैदान मारलेले नामांकित मल्ल म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांची ओळख आखाड्याची. तेव्हा ‘स्वतः गदा मारली म्हणून शिकवता आलं’ हे कारण पुरेसं नाही, हे मान्यच करावं लागेल. बिराजदारांच्या गदेनं त्यांच्या तालमीचं दार उघडलं असेल. आत आलेल्या पोराला दहा वर्षं टिकवणं गदेच्या हातात नसतं.

मग कशानं? माझ्या मते उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या काळात आहे. बिराजदार ज्या कुस्तीत वाढले ती मातीची. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची, हौद्यात खोऱ्यानं खणून मऊ करायची, आणि त्यात लढायचं. मातीत निकाल एकच, चितपट. समोरच्याची पाठ जमिनीला लागली की संपलं. तोवर गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, घड्याळाचा धाक नावापुरता. तासभर खडाखडी चालली तरी प्रेक्षक जागचे हलत नसत. गादीवरची कुस्ती वेगळी. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक पकडीला गुण, समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं तरी गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही लढत खलास. मातीत पाय रुततात, म्हणून ताकद आणि दम यांना किंमत. गादीवर पाय सरकत नाहीत, म्हणून वेगाला. मातीतला मल्ल संधीची वाट पाहू शकतो. गादीवर वाट पाहणाऱ्याला पंच निष्क्रिय ठरवतो. एकाच नावाचे हे दोन खेळ आहेत असं म्हटलं तरी चालेल. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते याच परक्या गादीवर, आणि त्यानंतर महाराष्ट्राची कुस्ती कितीतरी वर्षं या दोन जमिनींच्या मध्ये अडकून राहिली. मैदानं मातीची, इनामं मातीची, लोकांचं प्रेम मातीवर. पदकं मात्र गादीवर.

बिराजदार या दोन्ही जमिनींवर जिंकलेले होते, आणि तेही विशीच्या आत-बाहेर. मातीतल्या कीर्तीच्या ऐन भरात एडिंबरोच्या गादीवर जाऊन सुवर्ण आणणाऱ्या माणसाला एका गोष्टीचा अनुभव नक्की होता: कोणता डाव जमीन बदलली तरी चालतो आणि कोणता चालत नाही. ढाक, कलाजंग, एकेरी पट यांसारखे डाव दोन्हीकडे चालतात, पण मारण्याची वेळ बदलते. समोरच्याला दमवत दमवत शेवटी घातलेला घिस्सा मातीत कुस्ती मारून देतो. गादीवर तोवर लढत संपलेली असते. हे पुस्तकातून शिकवता येत नाही. कुस्तीचा वस्ताद बाकावर बसून सूचना देत नाही, निदान त्या पिढीचा देत नव्हता. तो हौद्यात उतरतो, पोराची मान स्वतःच्या हातात घेतो आणि चूक कुठं झाली ते त्याच्या अंगाला सांगतो. म्हणून आचरेकरांचं उदाहरण कुस्तीला पूर्ण लागू पडत नाही. क्रिकेटचा गुरू झाडाखाली उभा राहून पाहू शकतो. इथं शिकवणाऱ्याच्या शरीरात जे नाही ते शिकणाऱ्याच्या शरीरात उतरणं फार अवघड आहे.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून पुरावा पाहू. पहिला पुरावा काका पवार. लातूर जिल्ह्यातला हा मल्ल बिराजदारांच्या हाताखाली घडला आणि ग्रीको रोमन प्रकारात देशातर्फे खेळून अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचला. ग्रीको रोमनमध्ये कमरेखाली धरायला बंदी आहे. म्हणजे आपल्याकडचा पट काढण्याचा सगळा खजिना तिथं निकामी. मुक्त कुस्तीत नाव झालेल्या वस्तादाचा शिष्य या वेगळ्याच प्रकारात चमकतो, यावरून वस्तादानं आपली प्रतिकृती काढण्याचा हट्ट धरला नव्हता एवढं तरी दिसतं. मोठ्या खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून होणारा घात बहुधा इथंच होतो: आपण जसे जिंकलो तसंच समोरच्यानं जिंकावं असं त्यांना वाटतं.

दुसरा पुरावा राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मुलगा लहानपणीच बिराजदारांकडे आला. सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले तेव्हा राहुल विशीच्या उंबरठ्यावर होता. त्यानंतर त्याला काका पवारांनी आपल्या पुण्यातल्या संकुलात सांभाळलं, म्हणजे गुरूच्या जागी गुरुबंधू उभा राहिला. १२ एप्रिल २०१८ रोजी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं आणि ते सुवर्ण बिराजदार मामांना अर्पण केलं. गुरूच्या एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी शिष्याचं सुवर्ण, त्याच स्पर्धेत. योग असा की त्याच दिवशी त्याच गादीवर भारताला दुसरं सुवर्ण मिळवून देणारा मल्ल होता सुशील कुमार, म्हणजे सतपालचा शिष्य. बेळगावच्या जोडीचे पठ्ठे चार दशकांनी एकाच दिवशी, एकाच झेंड्याखाली जिंकले. पुढच्या वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात राहुलनं कांस्यपदकही मिळवलं.

कुणी म्हणेल, राहुलचे वडील स्वतः पैलवान होते, घरात कुस्ती होती, मुलगा कुठंही गेला असता तरी चमकला असता. असेल. एका शिष्यावरून वस्ताद मोजू नये हे खरंच. म्हणून मला तिसरा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला झालेली महाराष्ट्र केसरी. या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे लढवले जातात आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी एकमेकांशी भिडतात. त्या वर्षी माती विभागातून आला लातूरचा शैलेश शेळके, गादी विभागातून आला नाशिककडून लढणारा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. म्हणजे मातीवरचा राज्यातला पहिला आणि गादीवरचा राज्यातला पहिला एका छपराखाली रोज एकमेकांशी लढून तयार झाले होते. सदगीर ३-२ असा जिंकला आणि त्यानं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. वर्तमानपत्रांनी त्या छायाचित्रात खिलाडूपणा पाहिला, आणि तो होताच. मला मात्र त्यात बिराजदारांची दोन जमिनींची शिकवण तिसऱ्या पिढीत पोचलेली दिसते. एखादा शिष्य जिंकणं ही गुणवत्ता असू शकते, योगायोगही असू शकतो. शिष्याच्या तालमीतून दोन वेगळ्या जमिनींवरचे दोन विजेते एकाच वर्षी निघतात, तेव्हा योगायोग म्हणायला जीभ अडखळते.

आता सगळ्यात जड आक्षेप. बेळगावात हरलेला सतपाल वस्ताद म्हणून कुठल्या कुठं निघून गेला. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधून त्यानं सुशील कुमार दिला, ज्यानं २००८ मध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणि २०१२ मध्ये रौप्य मिळवलं; योगेश्वर दत्त दिला; पुढं त्याच आखाड्यातून टोकियोचा रौप्यविजेता रवी दहिया आणि पॅरिसचा कांस्यविजेता अमन सेहरावत निघाले. २००९ मध्ये सतपालला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बिराजदारांना २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला, जो आयुष्यभराच्या क्रीडासेवेचा. पण त्यांच्या परंपरेत ऑलिंपिक पदक नाही. राहुलचं जागतिक कांस्यही ज्या ६१ किलो गटातलं, तो गट ऑलिंपिकमध्ये नाही. खाशाबांनंतर ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक महाराष्ट्रात यायला २०२४ उजाडलं, आणि ते आणलं नेमबाज स्वप्नील कुसाळेनं. बहात्तर वर्षांत कुस्तीच्या या माहेरघरात कुस्तीचं दुसरं ऑलिंपिक पदक आलं नाही, ही गोष्ट कुठल्याही वस्तादाच्या गौरवात लपवता येणार नाही.

ती लपवूही नये. पण तिचा दोष नीट वाटून द्यावा. छत्रसाल हे दिल्ली सरकारचं स्टेडियम आहे. मुलांना राहायला जागा, लढायला गाद्या, आणि आजूबाजूला अख्खा हरियाणा पोरं पाठवायला बसलेला. पुण्यातली तालीम ही मुळात पेठेची संस्था. तिच्यामागे वस्तादाचं नाव आणि गावाकडून येणारा खुराक. आणखी एक कारण आपल्या आवडीत आहे, आणि ते कुणाला फारसं आवडणार नाही. महाराष्ट्राची सगळी प्रतिष्ठा महाराष्ट्र केसरीच्या गदेत आहे आणि गदा भारी वजनाच्या मल्लाला मिळते. ५७ किंवा ६५ किलोच्या पोराला आपल्या गावात मिरवणूक कोण काढतं? भारताची ऑलिंपिक पदकं मात्र हलक्या आणि मधल्या वजनातच आली आहेत. बक्षिसं, जाहिरात, नोकरी आणि मान सगळं एका बाजूला ओढत असताना बिराजदारांच्या तालमीनं ५५-६० किलोच्या आवारेवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, हे प्रवाहाविरुद्धचं काम होतं. सतपालशी तुलना करायचीच तर निकालाच्या आधी दोघांच्या हातातली साधनं मांडावीत. बेळगावात निदान हौदा दोघांना एकच होता.

या सगळ्यात नांदेड-लातूरला काय मिळालं, हा शेवटचा प्रश्न बिराजदारांनाही लागू होतो आणि त्यांच्या शिष्यांनाही. मुदगडचा मुलगा कोल्हापूरला गेला, त्यानं पायरी घातली ती पुण्यात, त्याच्या लातूरच्या शिष्यानं संकुल उभारलं तेही पुण्यात, आणि त्या संकुलातून लातूरसाठी लढणारा शेळके बालेवाडीच्या गादीवर उतरला. प्रत्येक पिढीत वाट थोडी सोपी झाली, पण ती गावाबाहेरच जात राहिली. याला स्थलांतराची जुनी मराठवाडी कहाणी म्हणून हळहळता येईल. पण वस्ताद तिथं बसतो जिथं रोज लढायला तीसचाळीस तगडी पोरं मिळतात, आणि पोरं तिथं जातात जिथं वस्ताद बसलेला असतो. हे चक्र लातुरात फिरायला लागायचं तर आधी कुणीतरी पुण्यातली जमलेली तालीम सोडून परत यावं लागेल. बिराजदार आले नाहीत. आले असते तर कदाचित लातूरला एक चांगली तालीम मिळाली असती आणि राहुल आवारेला रोज समोर घ्यायला जोडीदार मिळाले नसते. माळेगावच्या फडात दर वर्षी हलगी वाजते, आठ-दहा वर्षांचं एखादं पोर मोठ्याला उलथून टाकतं आणि फेट्यातली माणसं त्याच्या बापाला विचारतात, याला कुठं ठेवणार. त्या प्रश्नाला आता पुण्यातल्या एका तालमीचं नाव उत्तर म्हणून येतं. १९६० च्या दशकात मुदगडात हाच प्रश्न विचारला गेला असेल तेव्हा आपल्या मुलखाच्या माणसाचं असं नाव घ्यायला नव्हतं.